वाचकांचे प्रश्न : घरी भरलेली काडतुसं आणि क्रोनोग्राफवरचे नाचरे आकडे

मागच्या अंकात रीलोडिंगबद्दल, म्हणजे रिकाम्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी कवचात) प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली), पावडर आणि बुलेट घरी परत भरण्याबद्दल, ओझरतं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. बहुतेक प्रश्न अमेरिकेतल्या आपल्या लोकांचे आहेत, एक कोल्हापूरचा आहे. सगळ्यांचं दुखणं मात्र एकच, वेग प्रत्येक शॉटला सारखा का येत नाही. वेग मोजतो तो क्रोनोग्राफ, आणि वेग सरासरीपासून साधारण किती फूट पर सेकंदाने पांगतात त्याचं माप म्हणजे एसडी. सुरुवातीलाच सांगतो, इथे मी कुठलीही लोड रेसिपी देणार नाही, चार्ज (पावडरचं वजन, ग्रेन या मापात) किती ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं, खालच्या आकड्यापासून सुरू करायचं आणि टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा उघडा ठेवायचा. हे ज्यांना माहीत आहे त्यांना कंटाळा येईल पण ज्यांना माहीत नाही त्यांची बोटं आणि डोळे शाबूत राहतील.

प्रश्न : माझी .223 बोल्ट ॲक्शन आहे, 55 ग्रेनची बुलेट मारतो. एका लोडचा पाच शॉटचा एसडी 8 आला, मी खूश. पुढच्या आठवड्यात तेच लोड, तीच केस, तोच डबा, आणि एसडी 19. काय बिघडलं असेल? प्रायमर बदलू का? (डेन्व्हर)

काही बिघडलं नाही हो. प्रायमर बदलू नका, शॉट वाढवा.

ही गोष्ट रेंजवर कोणी सांगत नाही, कारण ती ऐकायला कोणालाच आवडत नाही. पाच शॉटवरून काढलेला एसडी म्हणजे जवळपास अंदाजपंचे. गणित असं आहे की पाच शॉटवर 8 आला तर त्या लोडचा खरा एसडी साधारण 5 पासून 23 पर्यंत कुठेही असू शकतो, आणि 19 आला तर 11 पासून पन्नाशीच्या पुढे कुठेही. म्हणजे तुमचे दोन्ही आठवडे एकमेकांशी भांडतच नाहीयेत, खरा आकडा 13-14 असेल तर एकदा 8 आणि एकदा 19 दिसणं हे अगदी रोजचंच आहे. वीस शॉट मारले तर हीच पट्टी बरीच आवळते, दिसलेल्या आकड्याच्या पाऊणपट ते दीडपट इतकी. त्यात पण दीडपट म्हणजे कमी नाहीच, पण निदान काहीतरी बोलता येतं.

ईएस, म्हणजे सगळ्यात जलद आणि सगळ्यात हळू शॉटमधलं अंतर, त्याची तर आणखी मजा. तो शॉट वाढवले की वाढतच जातो, पाच शॉटला सरासरी एसडीच्या 2.3 पट आणि वीस शॉटला 3.7 पट. त्यामुळे कोणी तीन शॉट मारून "ईएस फक्त 9" असा फोटो टाकला की लाइक करायचं आणि पुढे जायचं, त्यातून शिकण्यासारखं काही नसतं.

आणि ते फ्लॅट स्पॉटचं खूळ. प्रत्येक चार्जला एक शॉट, चार्ज 0.2 ग्रेनने वाढवत जायचं आणि जिथे वेग वाढायचा थांबतो तो 'नोड' म्हणायचा. .223 मध्ये 0.2 ग्रेनने वेग वाढतो वीसेक फूट पर सेकंद, आणि तुमच्या लोडचा स्वतःचा डगमगाटच बारा-पंधराचा आहे, मग दोन शेजारचे शॉट चुकून सारखे आले तर त्यात नवल ते काय. तीच लॅडर (चार्जची ही चढती शिडी) दुसऱ्या दिवशी परत मारा, फ्लॅट स्पॉट दुसरीकडे गेलेला असेल. मी तर म्हणतो ज्यांना फ्लॅट स्पॉटवर विश्वास आहे त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी लॅडर मारून तिन्ही कागद एकावर एक ठेवून बघावेत, मग आपण बोलू.

बॅरल झिजतं, पैसे लागतात, मान्य. पण त्यासाठी वेगळे शॉट मारायची गरज नाही. ठरलेलं लोड दर वेळी रेंजवर मारताना क्रोनोग्राफ लावून ठेवा आणि प्रत्येक दिवसाचे आकडे वहीत तापमानासकट लिहा, महिन्या-दोन महिन्यांत चांगला साठा होतो. फक्त वेगवेगळ्या दिवसांचे आकडे एकत्र करून सरळ एसडी काढू नका, थंडीतली आणि उन्हातली सरासरीच वेगळी असते. प्रत्येक दिवशी त्या दिवसाच्या सरासरीपासून शॉट किती लांब पडले ते बघायचं.

आता न विचारलेलं सांगतो. तुम्ही प्रेअरी डॉग मारायला जाता असं पुढे लिहिलंय, 200 यार्डांच्या आत. त्या अंतरावर वेगातल्या फरकाचा परिणाम शोधूनही सापडणार नाही. 300 यार्डावरसुद्धा 55 ग्रेनची बुलेट बॅरलच्या रेषेपासून वीसेक इंच खाली येते, वेग एक टक्का बदलला तर तो ड्रॉप दोन टक्के बदलतो, म्हणजे 30 फूट पर सेकंदाच्या फरकाला अर्ध्या इंचाहून कमी. वाऱ्याचा तुमचा अंदाज त्याच्या कितीतरी पट चुकतो. 600 यार्डावर 77 ग्रेन मारणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे 20 फूट पर सेकंदाला उभ्या रेषेत पावणेदोन इंचाच्या आसपास फरक पडतो आणि तिथल्या टार्गेटची एक्स रिंग (अगदी मधलं वर्तुळ) सहा इंचांची असते, म्हणून ती मंडळी एसडीच्या मागे लागतात. तुम्ही त्यांचे व्हिडिओ बघून स्वतःला त्रास करून घेताय.

प्रश्न : आजेसासऱ्यांची जुनी .22 हॉर्नेट मिळाली आहे. इतर कॅलिबरला माझा एसडी 12-15 च्या पुढे जात नाही, पण हॉर्नेटमध्ये 40-45 येतो, वीस-वीस शॉट मारूनसुद्धा. सगळं तसंच करतोय जसं .308 ला करतो. कुठे चुकतंय? (ह्यूस्टन)

वीस शॉट मारलेत, तुमचं अभिनंदन. आणि तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, .308 ला करता तसंच करताय.

हॉर्नेट हे जुनं पोर आहे. काळ्या पावडरच्या .22 डब्ल्यूसीएफवरून 1920 च्या दशकात स्प्रिंगफील्ड आर्मरीतल्या हौशी मंडळींनी ते घडवलं आणि 1930 मध्ये विंचेस्टरने काडतुसं बाजारात आणली. केस लांबोडी, निमुळती, भिंती पातळ आणि आत जागा अगदी थोडी, दहा-बारा ग्रेन पावडर मावते. .308 मध्ये चाळीस-पंचेचाळीस. आता तुमचा पावडर थ्रोअर (चार्ज तोलण्याऐवजी मापाने टाकणारं यंत्र) 0.1 ग्रेन इकडेतिकडे टाकत असेल तर .308 ला ते पाव टक्कासुद्धा नाही, पाच-सहा फूट पर सेकंदाचा फरक. हॉर्नेटला तोच 0.1 ग्रेन म्हणजे जवळपास एक टक्का, म्हणजे वीस-पंचवीस फूट पर सेकंद. चिमूटभर मीठ लग्नाच्या आमटीत जास्त पडलं तर कोणाला कळत नाही, दोघांच्या आमटीत पहिल्या घासाला कळतं. तेव्हा पहिलं काम, हॉर्नेटसाठी थ्रो करणं बंद, प्रत्येक चार्ज तोलायचा. आणि स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक काटा जो 'अधिक-उणे 0.1' म्हणतो तो इथे उपयोगाचा नाही, त्याची चूक म्हणजेच तुमचा सगळा हिशोब. त्यापेक्षा जुना बीम बॅलन्स बरा, डोळ्याच्या उंचीवर ठेवून वाचला आणि पंख्याचा वारा लागू दिला नाही तर.

दुसरी गोष्ट प्रायमर, आणि हॉर्नेटची खरी मेख इथे आहे असं माझं मत. स्मॉल रायफल प्रायमर हे .223 सारख्या दुप्पट पावडरच्या केससाठी ठीक आहेत. हॉर्नेटच्या एवढ्याशा केसमध्ये तो धडाका असा बसतो की पावडर नीट पेटायच्या आधीच बुलेट मानेतून (केसचा बुलेट धरणारा तोंडाकडचा भाग) पुढे सरकू शकते, कधी सरकते, कधी नाही, कधी थोडी. मग जागा बदलली, प्रेशर बदललं, वेग बदलला. म्हणून हॉर्नेटवाले कित्येक वर्षांपासून मऊ प्रायमर वापरतात, अनेक जण तर स्मॉल पिस्टल प्रायमर. आता लगेच जाऊन बदलू नका. मॅन्युअलमध्ये तुमच्या पावडर-बुलेटला कुठला प्रायमर दिलाय ते बघा, पिस्टल प्रायमरवाला डेटा छापलेला असेल तरच करा आणि चार्ज परत खालून वर आणा. आणि हे फक्त हॉर्नेटपुरतं. पिस्टल प्रायमरचा कप पातळ असतो, .223 चं कमाल प्रेशर 55,000 पीएसआय आहे, तिथे तो फाटून बोल्टच्या तोंडावर गॅस येतो, त्यामुळे "चाललं की हॉर्नेटला" म्हणून तिकडे नेऊ नका.

तिसरं, केस किती भरते. अर्धवट भरलेल्या केसमध्ये पावडर कधी प्रायमरकडे गोळा होते, कधी बुलेटकडे, आणि प्रत्येक वेळी पेटण्याची तऱ्हा वेगळी. तुमच्या बाबतीत हे होतंय का ते बघायला एक सोपी चाचणी आहे. रेंजवरच, बॅरल सगळा वेळ डाउनरेंज, सेफ दिशेला ठेवून, दहा शॉट आधी नळी जरा खाली झुकवून मग हळूच सरळ करून मारायचे, आणि दहा शॉट आधी जरा वर उचलून, तेही बॅकस्टॉपच्या मर्यादेत. दोन गटांच्या सरासरीत चाळीस-पन्नासचा फरक दिसला तर चोर सापडला. मग मॅन्युअलमध्ये अशी पावडर शोधायची जी याच बुलेटला केस जवळजवळ गच्च भरते. हॉजडनची लिल गन हॉर्नेटवाल्यांमध्ये एवढी चालते ती बहुतेक याचमुळे.

चौथं, मान. हॉर्नेटची मान कागदासारखी पातळ, ती बुलेटला धरते तरी किती. एका केसमध्ये बुलेट बोटाने फिरते आणि दुसरीत बसवताना प्रेसच्या दांड्यावर जोर द्यावा लागतो, असं होत असेल तर एसडी 40 येणारच. सीट करताना हाताला काय लागतंय तिकडे लक्ष द्या, ज्या केसमध्ये बुलेट लोण्यात सुरी गेल्यासारखी गेली त्या बाजूला ठेवा आणि वेगळ्या मारून बघा. बरेच जण शेवटी हलका क्रिंप देतात, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर किंचित आवळतात, सगळ्यांना एकसारखी पकड मिळावी म्हणून, आणि हॉर्नेटमध्ये ते खरंच लागू पडतं, इतर ठिकाणी मी क्रिंपच्या भानगडीत पडत नाही. फक्त क्रिंप देताना सगळ्या केसची लांबी एकसारखी ट्रिम केलेली हवी, नाहीतर लांब केसला जास्त क्रिंप बसतो आणि पातळ केस खांद्याशी चुरगळते.

हे चारही एकदम करू नका. आधी तोलणं, मग प्रायमर. माझा अंदाज, या दोहोंतच 45 चे 20-22 होतील. त्यानंतर हॉर्नेटकडून आणखी मागणं म्हणजे आजेसासऱ्यांच्या रायफलीवर अन्याय.

प्रश्न : बजेट एकदाच मिळणार आहे (घरात तसं ठरलंय). ॲनीलिंग मशीन घेऊ की भारीतला काटा? .223 आणि .204 रूगर भरतो. वेट टंबलर आधीच घेतलाय. (सिएटल)

काटा. डोळे मिटून काटा. मॅग्नेटिक फोर्स रिस्टोरेशनवाला जो 0.02 ग्रेनपर्यंत दाखवतो तो घ्या, व्हार्गेटसारख्या स्टिक पावडरचा, म्हणजे काडीसारख्या दाण्यांच्या पावडरचा, एक दाणा साधारण तेवढाच भरतो, म्हणजे दाणा मोजून टाकल्यासारखं होतं. लोड सेलवाले काटे सरकत राहतात, हीटर चालू झाला की शून्य हलतं, शेजारी मोबाइल ठेवला की काहींचं शून्य हलतं, आणि माणूस त्या हललेल्या शून्यावर पन्नास काडतुसं भरून मोकळा होतो. कुठलाही काटा असो, दर दहा-पंधरा चार्जनंतर चेक वेट ठेवून बघायचं.

बॉल पावडर (गोलसर दाण्यांची) वापरत असाल तर ती थ्रोअरमधूनही बरीच सारखी पडते, स्टिक पावडर मात्र दाणे कापत, अडकत पडते. आणि हॉपरमध्ये पावडर रात्रभर उघडी ठेवू नका, पावडर हवेतला ओलावा घेते आणि सोडते, कोरडी झाली की जलद जळते. तुमच्या सिएटलला पावसाळी दिवस आणि मग हीटर लावलेली कोरडी खोली, दोन्हीचा फरक मिळतो.

ॲनीलिंग, म्हणजे केसची मान तापवून मऊ करणं, वाईट नाही. पितळ, म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त, दर वेळी फुगतं आणि डायमध्ये आवळलं जातं, त्याने मान कडक होत जाते आणि मग साइझ केल्यावर परत उघडते, प्रत्येक केस आपापल्या मनाप्रमाणे. ॲनील केल्याने सगळ्या परत एका पातळीवर येतात आणि केस टिकतातही जास्त. पण तुमच्या सगळ्या केस एकाच लॉटच्या आणि सारख्याच वेळा मारलेल्या असतील तर त्या निदान सारख्याच कडक असतात, त्यावर काही वर्षं निघतात. मशीनच्या पैशाच्या पासंगालाही न लागणारा एक एक्सपांडर मँड्रेल घ्या, साइझ केल्यावर मान आतून त्याने उघडा, बुलेटपेक्षा दोन हजारांश इंच कमी, बास.

रस्त्यातून उचललेल्या, म्हणजे रेंजवरून गोळा केलेल्या मिश्र हेडस्टॅम्पच्या (बुडावरच्या कंपनीच्या शिक्क्याच्या) केस मात्र या कामाला नाहीत, आतली जागा कंपनीगणिक वेगळी असते. लेक सिटीच्या मिलिटरी केस असतील तर प्रायमर पॉकेटचा क्रिंप (प्रायमरच्या खाचेच्या कडेची चेप) काढल्याशिवाय प्रायमर सरळ बसणार नाही. आणि प्रायमर तळाला टेकलेला, किंचित आत गेलेला हवा, केसच्या बुडावरून बोट फिरवलं की खड्डा लागला पाहिजे. हे फुकटातलं काम आहे आणि बहुतेक लोक तेच घाईत करतात.

वेट टंबलरबद्दल, स्टीलच्या पिना टाकून केस दागिन्यासारख्या चमकतात पण मान आतून इतकी स्वच्छ होते की पितळ बुलेटच्या तांब्याला चिकटून धरतं, काडतुसं भरून काही महिने ठेवली तर जास्तच. मानेत थोडं ग्राफाइट लावा किंवा पिना न टाकता फिरवा. थोडी काजळी मानेला चांगली असते.

प्रश्न : जूनमध्ये वेग जानेवारीपेक्षा 60 ने जास्त येतो. पावडरचा लॉट तोच. (फिनिक्स)

फिनिक्समध्ये राहून हा प्रश्न! पावडर तापली की जलद जळते, बॉल पावडर बहुधा जास्त. हॉजडनची एक्स्ट्रीम मालिका, व्हार्गेट, एच4895, एच322 वगैरे, ऑस्ट्रेलियात बनते आणि तापमानाने कमी हलते, ती घेऊन बघा. काडतुसं गाडीच्या डॅशवर नको, सावलीत कूलरमध्ये. आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वारा थांबायची वाट बघत बसू नका, मिनिटभरात ते आतून भाजतं, मग तो एक शॉट वर जातो आणि तुम्ही पावडरला शिव्या घालता. उन्हाळ्यात कमाल चार्जवर असाल तर खाली या, हे जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : एच-1बी वर आहे. मित्राच्या गॅरेजमध्ये त्याच्याबरोबर भरतो, चालतं ना? आणि चार रिकाम्या केस आठवण म्हणून पुण्याला नेऊ का? (ऑस्टिन)

थांबा जरा. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल लायसन लागत नाही, विकायला लागतं, हे खरं. पण नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूकच नाही तर काडतूसही बाळगता येत नाही, आणि एच-1बी त्यातच येतो. अपवाद आहेत, वैध हंटिंग लायसन हा त्यातला नेहमीचा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तुमच्याकडे लायसन नसेल तर आज संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊ नका, आधी वकिलाला विचारा, व्हिसा पणाला लावण्याइतका हा छंद मोठा नाही.

केसचं म्हणाल तर नेऊ नका. रेंजवर नेलेली बॅग प्रवासालाही नेऊ नका. तळाच्या शिवणीत एक जिवंत काडतूस राहिलं आणि भारतातल्या विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्टची केस होते, "चुकून राहिलं" हे कोर्टात सांगेपर्यंत वर्षं जातात.

प्रश्न : मुलगी .22 प्रोन (पालथं झोपून) मारते. कोच म्हणतात ॲम्युनिशनमध्ये वेग सारखा नाही म्हणून वर-खाली जातंय. अमेरिकेत लोक घरी भरतात तसं इथे भरता येईल का? (कोल्हापूर)

नाही, आणि दोन कारणांनी नाही. भारतात आर्म्स ॲक्ट, 1959 च्या कलम 5 प्रमाणे काडतुसं बनवायला लायसन लागतं, घरी भरणं हा विषयच नाही. आणि लायसन असतं तरी .22 एलआर, म्हणजे मुलगी मारते ते काडतूस, भरता येत नाही, ते रिमफायर, प्रायमरचं मिश्रण बुडाच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं, एकदा पिनने ती कड चेपली की केस कचऱ्यात.

कोच म्हणतात त्यात तथ्य मात्र आहे. 50 मीटरवर .22 ची बुलेट बॅरलच्या रेषेपासून साधारण 12 सेंटिमीटर खाली येते, वेग 1070 च्या आसपास धरला तर 10 फूट पर सेकंदाच्या फरकाला सव्वादोन मिलिमीटर वर-खाली. दहाची रिंग 10.4 मिलिमीटरची आणि दशांश गुणात 0.8 मिलिमीटरला 0.1 गुण, म्हणजे नुसत्या 10 फूट पर सेकंदात जवळपास 0.3 गेले, आणि साध्या ॲम्युनिशनमध्ये तीस-चाळीसचा फरक सहज असतो. तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं आणि 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून तुमच्याकडे प्रत्येक तालमीशेजारी एक शूटर आहे, तरी लॉट टेस्टिंगबद्दल (काडतुसांची कुठली खेप आपल्या रायफलला मानवते ते तपासणं) पालकांशी कोणी बोलत नाही.

यात करायचं ते असं. ईली, आरडब्ल्यूएस, लापुआ, कुठलीही मॅच ॲम्युनिशन घ्या, बॉक्सवर लॉट नंबर असतो, ईलीच्या बॉक्सवर तर टेस्ट बॅरलमधला वेगही छापलेला असतो. एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच रायफलमध्ये वेगळे वागतात, आणि जो लॉट शेजारच्या मुलाच्या रायफलमध्ये सोन्यासारखा चालला तो तुमच्या मुलीच्या बॅरलमध्ये चालेलच असं नाही. मोठे खेळाडू रायफल घेऊन थेट कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात, जर्मनीत शोनेबेकला लापुआचं तसं केंद्र आहे. तुम्ही बालेवाडीला किंवा जवळच्या क्लबमध्ये क्लॅम्प (रायफल घट्ट धरून ठेवणारा) मिळतो का ते विचारा, तीन-चार लॉटचा एकेक बॉक्स उसना-पासना जमवा, प्रत्येक लॉट बदलला की आधी दहा-पंधरा शॉट मोजायचे नाहीत कारण बॅरलमध्ये आधीच्या लॉटच्या ल्यूबचा (बुलेटवरच्या वंगणाचा) थर असतो, मग दहा-दहाचे चार ग्रुप, आणि चारही ग्रुप एकावर एक धरून उभा पसारा बघायचा. एका सुंदर ग्रुपवर भुलू नका, वर डेन्व्हरवाल्यांना सांगितलं तेच इथेही लागू. जो लॉट निवडाल तो लायसनवर आणि खिशात बसेल तेवढा एकदम घेऊन ठेवा, स्पर्धेसाठी वेगळा काढा, आणि सरावाला त्याच कंपनीची खालची ग्रेड वापरा.

क्रोनोग्राफ विकत घ्यायची गरज नाही. क्लबमध्ये कोणाकडे असेल तर एकदा लावून बघा, पण उघड्यावरचे ऑप्टिकल सेन्सर ढग आले-गेले तरी आकडा बदलतात, रडारवाला असेल तर उत्तम. आणि कोचना एक विचारा, वर-खाली जाणारे शॉट श्वासाच्या लयीत येतायत का. प्रोनमध्ये श्वास घेताना नळी खाली जाते, सोडताना वर येते, रेषा अगदी सरळ उभी, ॲम्युनिशनसारखीच दिसते. क्लॅम्पमध्ये तोच लॉट गोल ग्रुप देत असेल तर नवा बॉक्स घ्यायच्या आधी मुलीचं टायमिंग बघा.